लाँड्रीपर्यंत जाईल

माझ्या मामाने आजवर हजारभर गाड्यांमध्ये चोरस्विच बसवले आणि त्यातला एकही कुठे आहे हे कागदावर लिहून ठेवलं नाही. मी विमा कंपनीत गाड्यांचे दावे तपासते, बहुतेक चोरीचे. रोज कुणीतरी माझ्यासमोर बसून डोळे पुसतं, की गाडी दारातून गेली हो, आणि मला विचारावं लागतं की किल्ली कुठे होती. मग ते माणूस खोटं बोलतं. त्यामुळे मनुष्यजातीबद्दल माझं मत फारसं चांगलं उरलेलं नाही. पण मामाच्या गिऱ्हाइकांपैकी एकही जण आजतागायत माझ्या टेबलासमोर येऊन बसलेला नाही. आमचे साहेब म्हणतात, असे आणखी चार मामा या शहरात असते तर आपण सगळे घरी बसलो असतो.

चोरस्विच म्हणजे गाडीत कुठेतरी दडवलेलं एक साधं बटण. ते बंद केलं की टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे जायचं थांबतं. बाकीचे वायरिंगवाले सरळ किल्लीचीच वायर तोडून मध्ये बटण घालतात. चोर किल्ली फिरवतो, गाडी हूं की चूं करत नाही, आणि चोर शांतपणे उतरून शेजारची गाडी बघतो. मामाला याचा भयंकर राग. "म्हणजे चोराला काहीच त्रास नाही? सकाळी फिरायला आल्यासारखा आला आणि गेला?" म्हणून मामा किल्लीला हातच लावत नाही. तो फक्त पेट्रोल तोडतो. गाडी झटक्यात सुरू होते, चोर खूश होतो, आणि इंजिनाजवळच्या वाटीत जेवढं पेट्रोल उरलेलं असेल तेवढ्यावर निघतो. ते संपलं की गाडी आचके देत थांबते. कुठे थांबते, हे मामाने आधीच ठरवलेलं असतं.

हे मी कौतुकाने फुगवून सांगत नाही. गिऱ्हाईक गाडी नेहमी कुठे लावतं ते मामा जाऊन बघायचा. बटण बंद करून गाडी स्वतः चालवायचा, थांबली की उतरून घरापर्यंत पावलं मोजत परत यायचा. मनासारख्या ठिकाणी थांबली नाही तर वाटी थोडी कमीजास्त करायचा. मुख्याध्यापकांची गाडी शाळेच्या फाटकासमोर थांबायची. दातांच्या डॉक्टरांची बरोबर पोलीस चौकीच्या खिडकीखाली. तिथे एकदा खरंच एक चोर सापडला. बिचाऱ्याने खिडकीत वाकून पोलिसांनाच विचारलं होतं, जरा धक्का मारता का. "चोराला दारातून हाकलण्यात काय आहे?" मामा म्हणायचा. "चौकात उभा करायचा."

बटण कुठे लपवायचं याचंही त्याचं शास्त्र होतं. गिऱ्हाईक आलं की तो आधी गाडीकडे बघतच नसे. माणसाला स्टुलावर बसवायचा, चहा द्यायचा आणि अर्धा तास इकडचं तिकडचं बोलत त्याच्या हातांवर नजर ठेवायचा. कोण मान चोळतो, कोण खिसा चाचपतो, कोण बसल्या बसल्या खुर्चीखाली बोटं फिरवतो. जिथे हात आपसूक जातो तिथे बटण. "माणूस पत्ता विसरतो, बायकोचा वाढदिवस विसरतो, पण खाजवायचं विसरत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. काम झालं की गिऱ्हाइकाला गाडीत बसवायचा, चारही काचा वर करायचा आणि कानात जागा सांगायचा. बाहेर ऊन रणरणत असलं आणि आत दोघे घामाने निथळत असले तरी काचा वर. एका गाडीचं गुपित एकाच माणसाला, हा नियम. गिऱ्हाइकाने घरी बायकोला सांगितलं असं कळलं तर मामा बटणाची जागा बदलून द्यायचा, आणि वर दोन शब्द ऐकवायचा.

आता या नियमाची गंमत अशी, की मामाची स्वतःची एक व्हॅन होती आणि स्वतःची एक बायकोही होती.

मामीचं शिवणयंत्र मामाच्याच वायरिंगच्या शेडमध्ये, पत्र्याच्या भिंतीला लागून. मामा गाडीचं पोट फाडायचा आणि मामी सीटची कव्हरं शिवायची. मोठी जाड सुई, हातभर लांबीची कात्री आणि तोंडात टाचण्या. त्यामुळे दिवसा तिच्याशी भांडायची सोय नव्हती, ती टाचण्या काढेपर्यंत मामा सटकलेला असायचा. मामीला गाडी उत्तम चालवता यायची. मामापेक्षा चांगली, असं मी म्हणते, आणि ते मामालाही ठाऊक होतं. पण व्हॅन सुरू करायची तर मामाच हवा. मामा म्हणायचा, "पाठ फिरव." मामी निमूटपणे पत्र्याकडे तोंड करून उभी राहायची. मामा आत बसून काहीतरी खुडबुड करायचा, इंजीन सुरू करून द्यायचा आणि म्हणायचा, "जा आता. पण मध्ये बंद करू नकोस." कारण इंजीन बंद केलं की व्हॅनचं बटण आपोआप बंद व्हायचं. मग बाई गिऱ्हाइकाच्या दारात इंजीन चालू ठेवून त्यांच्या सीटची मापं घ्यायची. लोकांना वाटायचं, किती घाईत असतात या.

तिने बटण शोधलं नाही असं समजू नका. बावीस वर्षं शोधलं. सीटची कव्हरं बदलायच्या निमित्ताने तिने त्या व्हॅनचं आतलं सगळं तीनदा उसवलं होतं. रविवारी मामा जेवून पडला की ती बोटांनी गाडी चाचपायची. मी एकदा विचारलं, "मामी, सापडलं तर काय करणार आहेस?" तर म्हणाली, "काही नाही. फक्त 'सापडलं' असं सांगणार आहे."

पण पुढे ती गोष्ट थट्टेची राहिली नाही. शेडमध्ये एकदा एक बाई आली, सोबत टो करून आणलेली गाडी. नवरा महिन्यापूर्वी गेला होता. बटण कुठे आहे ते त्याने तिला सांगितलं नव्हतं, कारण मामाने तशी ताकीदच दिली होती. मामा स्टुलावर बसला, डोळे मिटले आणि पुटपुटला, "डावखुरे होते. काळजी वाटली की गुडघा घासायचे." मग उठून त्याने स्टिअरिंगखाली डाव्या गुडघ्याच्या जागी हात घातला आणि गाडी सुरू करून दिली. ती बाई गाडीकडे बघतच नव्हती. ती म्हणाली, "हो, घासायचे. मी रोज ओरडायचे, पँट झिजते म्हणून." आणि रडायला लागली. मामाने तिला दुसरा चहा दिला. त्याला त्यापलीकडे काही सुचत नाही.

ती गेल्यावर मामीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. एकेक करून सगळ्या काढल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"अहो, उद्या तुम्हाला काही झालं तर मी कुणाला विचारू?"

"मला काय होतंय?"

"कुणाच्याही कानात सांगता. बेकरीवाल्याच्या कानात सांगता, त्या दातवाल्याच्या सांगता. माझा कान काय वाईट आहे?"

"नियम आहे गं."

"मी काय गिऱ्हाईक आहे का तुमची?"

मामाने प्लायर उचलला आणि एका मोटरसायकलखाली शिरला. तासभर बाहेर आला नाही. ती मोटरसायकल दुरुस्त होऊन पडलेली होती, हे मला मागाहून कळलं.

मामीला ते फार लागलं होतं. चारचौघांत ती हसून बोलायची, पण मला एकटीला गाठून म्हणाली, "माझ्यावर भरवसा नाही त्यांचा. दुसरं काय?" मी आपली समजूत काढत राहिले. तेव्हा तिने स्वतःच स्वतःची समजूत काढली. "जाऊ दे. दार तेवढं लावतात हो माझं."

हे दार म्हणजे काय ते सांगायला हवं. मामा तसा कोरडा माणूस. बायकोला कधी "छान दिसतेस" म्हणाला नसेल. कव्हर छान झालंय म्हणेल, तेही गिऱ्हाईक म्हणाल्यावर. पण मामी व्हॅनमध्ये त्याच्या शेजारी बसली की तो इकडून पार तिच्या अंगावरून वाकायचा, तिच्या बाजूचं दार हाताने ओढून लावायचा, आणि मग गाडी काढायचा. एकदाही चुकला नाही. घाईत असो, भांडण झालेलं असो, अबोला असो, दार तोच लावणार. गल्लीतल्या बायका मामीला यावरून चिडवायच्या. मामी म्हणायची, "दार नीट लागत नाही म्हणून लावतात गं," आणि चेहरा असा करायची की दार अगदी उत्तम लागतं हे कुणालाही कळावं. एकदा तर त्यांच्यापाशी कबूलही करून गेली, की आवडतं गं मला ते. तिच्या संसारातला लाडाचा भाग म्हणाल तर तो एवढाच, आणि ती तो जपून होती.

हे सगळं उघडं पडलं ते एका मंगळवारी, दुपारी अडीच वाजता.

मी शेडमध्ये एका जळालेल्या स्कूटरची तपासणी करायला आले होते. स्कूटर आपोआप जळली असं मालकाचं म्हणणं होतं. मामा वायर हुंगून मला सांगत होता की आपोआप जळलेल्या वायरला रॉकेलचा वास येत नाही. तेवढ्यात बाहेर व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला. मी उठून दारात गेले तर व्हॅन फाटकातून वळून चाललेली, आणि आत मामा नाही, कारण मामा माझ्यामागे स्टुलावर होता.

"मामा! व्हॅन नेली कुणीतरी!"

किल्ली अर्थातच व्हॅनमध्येच होती. मामा किल्ली कधी काढत नसे, मिजाशीने काढत नसे. माझ्यासारख्या विमा कंपनीतल्या भाचीसमोर सुद्धा. त्याने चहाचा कप खाली ठेवला नाही.

"जाऊ दे. लाँड्रीपर्यंत जाईल."

"अरे, चोर आहे तो!"

"चारशे दहा पावलं. लाँड्रीसमोर थांबेल. लाँड्रीवाल्याला माहीत आहे, तो धरून ठेवतो." त्याने घड्याळ बघितलं. चेहऱ्यावर असं समाधान, की हा इसम इतकी वर्षं या चोराचीच वाट बघत होता. "बावीस वर्षांत पहिल्यांदा आला कुणीतरी. चहा संपवू, मग जाऊ. जरा शोधू दे त्याला बटण. त्यालाही कळू दे."

मी कपाळाला हात लावला. मग माझं लक्ष मामीच्या यंत्राकडे गेलं. कव्हर अर्धं शिवलेलं, सुई कापडात तशीच, आणि खुर्ची रिकामी.

"मामी कुठे आहे?"

"असेल कुठे तरी."

मामाने सहज बाहेर बघितलं. व्हॅन जिथे उभी होती तिथे तेलाचा एक डाग होता, आणि डागाच्या शेजारी मामीच्या चपला होत्या. नीट जोडून, एकीला एक लावून ठेवलेल्या.

मामी दुपारी व्हॅनमध्ये झोपायची. शेडमध्ये ठोकाठोकी असते, म्हणून मागच्या दारातून आत चढून, शिवलेल्या कव्हरांच्या ढिगावर अर्धा तास पडायची. कव्हरं मळू नयेत म्हणून चपला बाहेर काढून. हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

मामाच्या हातून कप पडला. मी त्याला आयुष्यात कधी पळताना बघितलेलं नाही. बस सुटली तरी तो चालतच जातो. तो माणूस वाकला, त्याने त्या चपला उचलल्या आणि धावत सुटला. स्वतःची एक वहाण फाटकात राहिली. एका हातात बायकोच्या चपला, दुसऱ्या हातात वायर तपासायचा दिवा, आणि तोंडाने मोठमोठ्याने काहीतरी म्हणत होता. मी मागून धावत होते म्हणून मला ऐकू आलं. तो पावलं मोजत होता. भीतीने माणूस देवाचं नाव घेतो, हा पावलं मोजत होता.

इकडे व्हॅनमध्ये काय झालं ते मामीने आम्हाला पुढे इतक्यांदा सांगितलं की आता मला पाठ आहे. व्हॅन निघाली तेव्हा ती गाढ झोपेत होती, आणि हलत्या गाडीत तिला जास्तच झोप लागते. गाडी आचके देऊन थांबली, किल्ली पुनःपुन्हा फिरवल्याचा आवाज आला, तेव्हा तिला जाग आली. डोळे न उघडताच ती म्हणाली, "अहो, बटण विसरलात."

पुढे बसलेल्याची पाचावर धारण बसली. त्याने मागे वळून बघितलं तर कव्हरांच्या ढिगातून एक बाई वर येत होती आणि तिच्या हातात हातभर लांब कात्री होती. कात्री तिच्या उशाला असतेच. त्याने दाराला हात घातला.

"पळायचं नाही," मामी म्हणाली. "तू चोर का?"

तो म्हणाला, "हो." इतक्या सरळ प्रश्नाला त्याला दुसरं उत्तर सापडेना.

"किती वर्षं करतोस?"

"होतील पंधरा."

आता मामीच्या जागी दुसरी कुणीही असती तर ओरडली असती. मामीने मात्र बावीस वर्षं ज्याची वाट बघितली तो जाणकार माणूस आयता चालून आलेला बघितला. ती पुढच्या सीटवर सरकली आणि म्हणाली, "मग तुला चोरस्विच शोधता येत असेल. शोध. मी कुणाला बोलवत नाही. पण सापडल्याशिवाय उतरायचं नाही."

आम्ही धापा टाकत लाँड्रीपाशी पोचलो तेव्हा वीसेक माणसं व्हॅनभोवती उभी होती. लाँड्रीवाला गडबडून गेला होता. त्याला चोर धरून ठेवायची सूचना होती, पण चोर मामीच्या देखरेखीखाली काम करत होता, तर हा चोर की नवीन मेकॅनिक, हे त्याला ठरवता येईना. म्हणून त्याने दोघांना चहा दिला होता. व्हॅनच्या डाव्या दारातून चोराचे दोन पाय बाहेर आलेले होते, बाकीचा तो डॅशबोर्डखाली होता. मामी वरून मोबाइलचा उजेड धरून होती. दुसऱ्या हातात कात्री होतीच.

मामाने तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग तो खाली वाकला आणि चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या. मला वाटलं आता तरी हा काहीतरी बोलेल.

"चारशे दहाच भरली," तो म्हणाला.

तेवढ्यात डॅशबोर्डखालून आवाज आला, "मावशी, सापडलं!"

मामीने वाकून बघितलं. तिच्या सीटसमोर, खणाच्या खाली, अगदी दाराला लागून असलेल्या कोपऱ्यात एक छोटं काळं बटण होतं. आतल्या अंगाला वळवलेलं. वरून बघून दिसणं शक्यच नाही. बोटं वळवून खालून फिरवली तरच लागायचं. मामी बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिली. मग तिने दाराच्या मुठीकडे बघितलं. मूठ आणि बटण यांच्यात वीतभर अंतर होतं.

मला तेव्हाच कळलं की तिला काय कळलं आहे.

"म्हणजे," ती म्हणाली, "दार लावायला नाही वाकत तुम्ही."

मामाने हातातल्या दिव्याची वायर बोटाभोवती गुंडाळायला घेतली.

"येताना हात तिथून फिरवायचा, म्हणून. आणि मी पत्र्याकडे तोंड करून उभी राहते ते नुसतंच नाटक. खरं बटण माझ्यादेखत दाबता. माझ्या गुडघ्यापाशी. आणि मी वेड्यासारखी गल्लीभर सांगत फिरते, की हे माझं..." चोराशी गप्पा मारताना न डगमगलेली ती बाई, पण आता तिची हनुवटी हलायला लागली. जमलेली माणसं इकडेतिकडे बघू लागली. एकाला काहीच कळलेलं नव्हतं, तो शेजारच्याला विचारत होता, काय झालं, काय झालं. मला मामाचा इतका राग आला की त्याची ती उरलेली वहाण काढून त्यालाच मारावी.

"अगं, ते..." मामा म्हणाला, आणि थांबला. कान लाल झाले होते.

"मावशी, एक मिनिट." डॅशबोर्डखालून चोर बोलला. तो आता उताणा झाला होता आणि मामाचा दिवा मागायला हात बाहेर काढला होता. मामाने बेधडक तो त्याच्या हातात दिला. "हे बटण मेलंय."

"काय?"

"मेलंय. वायर तोडलीय. हे बघा टोक, हिरवं पडलंय. आताची नाही ही, बरीच वर्षं झाली. मी मघाच दाबून बघितलं, काही फरक नाही. खरं बटण दुसरीकडेच आहे." मग त्याच्या आवाजात आदर आला. "काका, खरं सांगू? मला नाही सापडलं."

मामी मामाकडे वळली.

"कधी तोडलीत वायर?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाला, "जागा बदलावी लागते अधूनमधून. नियम आहे."

"कधी?"

"दार बदललं तेव्हा."

दार कधी बदललं ते त्याला सांगावं लागलं नाही, मीच सांगितलं. नऊ वर्षं. एका टेम्पोने डाव्या बाजूला ठोकर दिली होती आणि त्याचा दावा माझ्या टेबलावरून गेला होता. नातेवाइकाचं काम म्हणून साहेबांनी दहा प्रश्न विचारले होते, म्हणून तारीखसुद्धा लक्षात होती. दार नवं, बिजागऱ्या नव्या, कडी नवी.

"मग नऊ वर्षं," मामी सावकाश म्हणाली, "वाकता कशाला?"

"दार नीट लागत नाही," मामा म्हणाला.

मी पुढे झाले. ते दार एका बोटाने ढकललं. टक्क करून लागलं. उघडलं, करंगळीने ढकललं. पुन्हा टक्क. जमलेल्यांपैकी कुणीतरी हसलं, मग लाँड्रीवाला हसला, आणि मग चोरसुद्धा.

"पहिली तेरा वर्षं बटणासाठी," मामी म्हणाली. ती अजून हिशेब जुळवत होती. "आणि नंतरची नऊ?"

मामाने मान खाली घातली आणि मान खाली घालूनच म्हणाला, "तुला आवडतं म्हणालीस ना त्या बायकांना. मी ऐकलं होतं."

मी मघाशी म्हटलं, मनुष्यजातीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ते त्या दिवशी थोडा वेळ सुधारलं होतं, हे कबूल करायला हवं. मामीने चपला घातल्या. मग पुन्हा काढून झटकल्या आणि घातल्या, कारण तिला काय करावं ते सुचत नव्हतं.

चौकीतून पोलीस आला तोवर चोर पळून जायला सहज मोकळा होता. पण खरं बटण बघितल्याशिवाय त्याचा पाय निघत नव्हता, असं मला वाटतं. पोलिसाने सगळ्यांचं ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं, आणि तरी त्याला कळेना की तक्रार नेमकी काय लिहायची. शेवटी म्हणाला, "गाडीसकट सगळे चौकीवर चला." म्हणून मागच्या कव्हरांवर मी, पोलीस आणि मध्ये चोर असे बसलो. मामा चालकाच्या जागी चढला. मामी त्याच्या शेजारी बसली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, समोर बघितलं आणि दार उघडंच ठेवलं.

बाहेर वीस माणसं बघत होती. मामा थांबला. किल्लीला हात लावला, काढला. रुमालाने मान पुसली.

"दार," मामी म्हणाली. समोरच बघत.

मामा वाकला. इकडून पार तिकडे, तिच्या अंगावरून, सगळ्यांदेखत, आणि दार ओढून घेतलं. लाँड्रीवाल्याने टाळी वाजवली. मामीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याची दुसरी टाळी हवेतच राहिली. पण ओठ तिने दातांखाली दाबून धरले होते, ते मला आरशात दिसलं.

मग मामाने चारही काचा वर करायला लावल्या. आत जीव गुदमरत होता. "आता सगळ्यांनी डोळे मिटा," तो म्हणाला.

"मीपण?" पोलिसाने विचारलं.

"सगळ्यांनी."

पोलिसाने डोळे मिटले. चोराचे मी माझ्या हाताने झाकले, कारण माणूस पंधरा वर्षांचा अनुभवी होता. मग माझेही मिटले. पुढून कपड्यांची सळसळ आली. बावीस वर्षांच्या सवयीने मामीने खिडकीकडे तोंड फिरवलं असणार, कारण मामाचा आवाज आला, अगदी हळू.

"तू नाही गं. तू बघ."

मग कुठेतरी टिक्क झालं, टाकीकडून पेट्रोल येत असल्याची बारीक घरघर सुरू झाली, आणि मामी मोठ्याने म्हणाली, "अगं बाई! इथे?" आणि जी हसायला लागली ती चौकी येईपर्यंत थांबली नाही. मामा तिला सारखा "हळू, हळू, मागे चोर आहे" म्हणत होता, आणि चोर माझ्या हाताखालून विचारत होता, "कुठे? मावशी, कुठे होतं?"